विहिणीची फुगडी

रिठदच्या गोजराबाईला फुगडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते साफ खोटं. ती जवारीची सोंगणी गड्यांच्या बरोबरीनं करायची, तिच्या हातची वांग्याची भाजी खाऊन पाहुणे बोटं चाटत बसायचे, आणि ती भांडायला उभी राहिली की अर्धी आळी दारं लावून घ्यायची. पण गावानं तिचं नाव लक्षात ठेवलं ते फुगडीपायी. गावाचं असंच असतं, त्याला जे लक्षात ठेवायचं तेच ते ठेवतं.

बाई ठेंगणी, अंगानं भरलेली, पायाचे पंजे चांगले रुंद. नागपंचमीला मारुतीच्या देवळामागं बाया जमल्या की आधी पोरीबाळी खेळून घ्यायच्या, मग सुना, आणि सगळ्यांत शेवटी कोणीतरी म्हणायचं, गोजरे, ये वं आता. ती पदर खोचायची, चपळाईनं पुढं यायची आणि समोरच्या बाईचे हात धरायची. हातांची कैची, पायाला पाय भिडलेले, अंग पार मागं टाकलेलं, आणि मग ते गरगर फिरणं. पाहणाऱ्याचे डोळे फिरायचे, हिचा श्वाससुद्धा चढायचा नाही. ज्यांना फुगडी म्हणजे नुसता पोरखेळ वाटतो त्यांनी ती कधी खेळलेली नसते. त्यात दोघीही पडत असतात, आणि दुसरीनं धरलंय म्हणून पडत नाहीत, एवढीच काय ती गंमत.

गोजराबाईचा मात्र त्यावर वेगळाच विश्वास होता. ती म्हणायची, "तोंड खोटं बोलते, डोये बी खोटे बोलतात. पन आंग मांगं टाकलं का हात खोटं बोलत नाही." फुगडीत हात धरला की माणूस कळतं, असं ती छातीठोक सांगायची. बाया हसायच्या. ती हसत नसे.

हे वेड तिला लागलं ते सासूमुळं. अकरा वर्षांची असताना ती लग्न होऊन रिठदला आली तेव्हा सासू, प्रयागबाई, दिसली की ती दाराआड व्हायची. प्रयागबाईच्या तोंडाचा पट्टा पहाटे जात्यावर सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा. पाणी सांडलं तर बोलणं, नाही सांडलं तर एवढा वेळ कायले लागला म्हणून बोलणं. पहिल्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या दुपारी शेजारणींनी हट्ट धरला की सासू-सुनेची फुगडी होऊ द्या. पोर बिचारी हात पुढं करून उभी राहिली. आंगण नुकतंच सारवलेलं, ओलं. चारपाच फेरे झाले नाहीत तो तिचा पाय सटकला. हात सुटले असते तर डोकं थेट जात्याच्या पाळीवर गेलं असतं. पण प्रयागबाईनं हात सोडला नाही. उलट पोरीला स्वतःकडं ओढून घेतलं, आणि आपण खाली, पोर वर, अशा दोघी पडल्या. म्हातारीचं कोपर सोलून निघालं.

"डोये फुटले काय तुहे?" म्हणून ती ओरडली ती ओरडलीच. पण ओरडता ओरडता पोरीची दोन्ही मनगटं उलटीपालटी करून पाहत होती, बांगडी फुटून काच तर लागली नाही ना म्हणून.

त्या दिवसापासून गोजरा सासूच्या बोलण्याला भ्यायची बंद झाली. बोलणं कानांवरून जाऊ द्यायचं आणि हात आठवायचा, असा तिनं नेमच करून टाकला. पुढं अठरा वर्षं दोघींनी एका चुलीवर संसार केला आणि प्रयागबाई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे तीन महिने गोजरानं तिला लेकरासारखं भरवलं.

गोजराबाईला दोन लेकी राहिल्या. थोरली रामी, धाकटी गोमती. रामीचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट आता सांगावी लागते, तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

आपल्याकडे लग्न लागलं, जेवणं उरकली की मांडवात दोन्ही विहिणींची फुगडी होते. सगळी थट्टामस्करीच असते ती. कोणती विहीण आधी दमते यावर दोन्हीकडच्या बाया एकमेकींना चिडवतात, पुरुष लांबून मान वळवून पाहतात. रामीची सासू मोठ्या घरची. दंडात वाकी, हातभर बांगड्या. तिनं हात पुढं केले, पण दिली फक्त बोटांची टोकं. अंग मागं टाकलंच नाही. लाकडासारखी ताठ उभी राहून दोन फेरे घेतले आणि म्हणाली, माहे गुडघे दुखतात बाप्पा. बाया हसल्या. गोजराबाईच्या हातांना मात्र जे कळायचं ते कळलं. ही बाई कोणाचा भार घेणार नाही.

कळून काय करणार? लेकीच्या अंगाची हळद ओली होती. ती गप्प बसली.

दुसऱ्या वर्षी रामी माहेरी आली ती बैलबंडीतून उचलून उतरवावी लागली. कोणी ताप म्हणालं, कोणी म्हणालं पोरीची आबाळ झाली. रामीनं सासूविषयी तोंडातून एक शब्द काढला नाही. कार्तिकात ती गेली. गोजराबाई रडली ती सगळ्या बायांसारखीच रडली, पण एक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत राहायची. "माह्या हाताले समजलं होतं वं, आन् मी मुकी राह्यली." त्यानंतर चार पंचम्या आल्या आणि गेल्या, ती देवळामागं फिरकली नाही.

मग गोमतीला चौदावं लागलं आणि गोजराबाईच्या नवऱ्यानं, बबनरावानं, इंझोरीचं स्थळ आणलं. बबनराव हा तसा कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. घर खाऊनपिऊन सुखी. जमीन काळी. पोरगा जानराव, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. चुलता-चुलती शेजारीच.

"आन् विहीण?" गोजराबाईनं विचारलं.

"मनकर्णाबाई. लय कष्टाची बाई हाय. तिचा मालक जाऊन अकरा वर्सं झाली."

भाकरी थापता थापता गोजराबाईचा हात थांबला. विधवा बाई मांडवात येत नाही. हळदीला हात लावत नाही. फुगडीचं तर नावच नको.

"मंग मी फुगडी कोनासंग खेयू?"

"पोराची काकी खेयन की."

"पोरगी काकीच्या हाताखाली नांदनार हाय का? म्या त्या बाईचा हात धरल्याबिगर माही पोरगी देत नाही."

बबनरावाला हसूही येईना आणि रागही येईना. रामीचा बाप तोही होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मी तिथं दोन दिवस राह्यलो. तो पोरगा आधी मायच्या ताटात वाकून पायते, मंग आपला घास घेते. आपल्याले अजून काय पाह्यजे?"

गोजराबाई हो म्हणाली. पण मनातून नव्हे. मनात तिनं वेगळंच ठरवलं होतं, आणि ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. काही करून त्या बाईचे हात धरून पाहायचे. हात जर रामीच्या सासूसारखे निघाले, तर अंगाची हळद ओली असो की वाळलेली, पोरीला त्याच बंडीत घालून परत आणायची. लोक तोंडात शेण घालतील तर घालू देत. एक लेक तिनं भिडेपायी घालवली होती, दुसरी घालवणार नव्हती.

त्या साली रिठदच्या विहिरींनी तळ गाठला होता, म्हणून लग्न मुलाच्या मांडवी ठरलं. वैशाखात चार बंड्या निघाल्या. वाटेत दोन मुक्काम झाले, दुसरा शेलूबाजारला. गोमती मायच्या मांडीला टेकून बसली होती. मधेच तिनं विचारलं, "माय, कशी असन वं ते?" कोण ते, हे विचारायची गरज नव्हती.

"पाहू," गोजराबाई म्हणाली, आणि लेकीच्या डोक्यावरचा पदर नीट करत राहिली.

इंझोरीला लग्न चांगलं लागलं, मानपान झालं, कोणी रुसलं-फुगलं नाही. जेवणं उरकल्यावर नवरदेवाची काकी, कवतिकाबाई, हसत हसत मांडवात उतरली. बाई दणकट, बोलकी, हौशी. फुगडीही झकास खेळली. पण तिचं सगळं लक्ष भोवतालच्या बायांकडं होतं, कोण वाहवा करतं आणि कोण नाही याकडं. गोजराबाई फिरत होती आणि तिची नजर फेऱ्याफेऱ्याला मागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडं जात होती. तिथं अर्ध्या उघड्या फळीआड एक उंच, वाळकी बाई उभी होती. तपकिरी लुगडं, कपाळ मोकळं, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. दोन दिवस अख्ख्या वऱ्हाडाच्या पोळ्या तिनं लाटल्या होत्या, पण तिच्याच पोराच्या लग्नात मांडवाच्या सावलीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. हीच मनकर्णाबाई.

गोजराबाईनं तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पाणी मागायच्या निमित्तानं ती आत गेली, दोन शब्द बोलली. समोरून उत्तर आलं, "हो जी." आणखी दोन शब्द बोलली. "बरं हाय जी." डोळे खाली ते खालीच. आता यावरून माणसानं काय समजावं? गोजराबाईनं समजायचं ते समजून घेतलं, की बाई घमेंडी आहे.

आणि मग ते घडलं. नवरा-नवरी देवाच्या पाया पडून आले, वडीलधाऱ्यांच्या पाया पडले. पोरगा आत आईपाशी गेला, त्याच्यामागं गोमती. गोमती वाकली आणि तिचा हात पायांना लागणार तेवढ्यात मनकर्णाबाईनं झटकन पाय मागं घेतले. "दूर राय," ती जोरात म्हणाली. "तिथूनच नमस्कार कर." गोमती वाकली होती ती तशीच राहिली, मग बावरून मागं सरली. तिचा चेहरा एवढासा झाला.

गोजराबाईनं ते दारातून पाहिलं. दुसऱ्या कोणी काही मनावर घेतलं नाही, विधवा बाई नव्या नवरीला शिवत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोजराबाईलाही ठाऊक होतं. पण आवाजातला तो कडकपणा? तो कुठून आला? त्या एका आवाजानं तिची झोप, तहान, भूक सगळी नेली.

सकाळी रिठदच्या बंड्या जुंपायला घेतल्या. बबनराव बैलांना पाणी दाखवत होता. सगळे मांडवात निरोपाच्या गडबडीत होते. गोजराबाई कोणाला न सांगता घराला वळसा घालून परसात गेली.

मनकर्णाबाई राखेनं मोठाली पातेली घासत बसली होती. विहिणीला पाहून ती धडपडत उठली आणि सवयीनं दोन पावलं मागं सरकली.

"विहीणबाई," गोजराबाई म्हणाली, "हात द्या."

तिला काही उमजलं नाही. गोजराबाईनं आपले दोन्ही हात कैची करून पुढं धरले, तेव्हा उमजलं. ती आपल्या राखेनं भरलेल्या हातांकडं पाहत राहिली.

"माहे हात रिकामे हायेत जी," ती म्हणाली.

"मले बांगड्याईसंग नाही खेयाचं."

"नका जी असं करू. तुमच्या पोरीच्या आंगाले अजून हयद हाय. माहा हात तुमाले लागला आन् उद्या काही वंगाळ झालं, तर? काल ते माह्या पायाशी वाकली तं माहा जीवच उडाला. एकुलता एक पोरगा हाय माहा. त्याचं कुंकू हाय तिच्या कपायावर." बोलता बोलता तिचा आवाज कालच्यासारखाच चढला, आणि गोजराबाईला त्या क्षणी कळलं की कडकपणा वाटला होता तो भीतीचा आवाज होता. ही बाई भ्याली की अशीच बोलत असणार.

आता कोणी म्हणेल, मग झालं की, कळलं ना? पण गोजराबाई काही सुधारक बाई नव्हती. मनकर्णाबाई जे म्हणत होती त्यावर तिचाही तेवढाच विश्वास होता. तिनं स्वतः आयुष्यभर सणावाराला विधवा बायांची सावली टाळली होती, आणि आता लेकीच्या लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी ती हात पुढं करून उभी होती. तिला वाटलं, मागं फिरावं. पोरगी सुखी राहील, नाही राहील, देव पाहून घेईल.

मग तिला रामीचा मांडव दिसला. सगळं किती शुभ होतं तिथं. विहीण सवाष्ण, हातभर बांगड्या, मुहूर्त पोथीतून काढलेला, पाच जणींनी हळद लावलेली. काय कमी होतं? सगळं असून लेक दीड वर्षात गेली. तिच्या डोळ्यांना धार लागली, पण हात तिनं खाली घेतले नाहीत.

"माही थोरली पोरगी गेली, विहीणबाई," ती म्हणाली. "लय शुभ हातात देल्ली होती. तुमी हात द्या. काही झालं तं माह्या डोक्यावर."

मनकर्णाबाईनं हौदातलं पाणी घेऊन हात धुतले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि लुगड्याला पुसून पुढं केले.

बोटांची टोकं. नुसती टोकं.

"नीट धरा," गोजराबाई म्हणाली. "असे हात मी पायले हायेत. नीट धरता येत नसन तं माही पोरगी मी आत्ताच्या आत्ता बंडीत बसवते."

हे ऐकून समोरच्या बाईनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे पाण्यानं भरलेले, पण त्यात आता भीती नव्हती, हट्ट होता. माझ्या पोराची बायको नेतेस काय, असा. आणि मग ते हात आले. बोटं सरकत तळव्यावर आली, तळव्यावरून मनगटावर, आणि तिथं घट्ट बसली. अकरा वर्षं कोणाला न धरलेले हात होते ते. खरबरीत, पोळी भाजून भाजून जागोजागी डागलेले.

पहिले फेरे हळू झाले. मनकर्णाबाई पावलं आठवत होती. उंच बाई आणि ठेंगणी बाई, जोड काही जुळत नव्हती, पण उंच बाईनं गुडघ्यात वाकून आपलं अंग समोरचीच्या बेतानं आणलं. कोणी सांगितलं नाही, तिचं तिनं केलं. ते गोजराबाईच्या लक्षात आलं. मग फेरा वाढला. परसातली तुळस, हौद, पातेली, सगळं फिरायला लागलं. गोजराबाईनं जाणून अंग पार मागं टाकलं, एवढं की समोरची जरा ढिली पडली तर पाठ दगडावर आपटावी. समोरची ढिली पडली नाही. उलट पकड आवळली आणि तीही मागं झुकली, सगळा भार सोडून. रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच ठाऊक. तोंडानं फू फू करायचंही दोघींना भान नव्हतं. गोजराबाईला चार वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला.

दोघी थांबल्या तरी हात सुटले नव्हते. तेवढ्यात मागच्या दारात कोणीतरी उभं आहे असं वाटून मनकर्णाबाईनं दचकून पाहिलं. गोमती होती. माय कुठं गेली म्हणून शोधत आली होती. अंगावर पिवळं लुगडं, हातात हिरवा चुडा. कालपासून बावरलेली ती पोर दोघींकडं बघत राहिली आणि तिच्या तोंडावर हसू आलं.

मनकर्णाबाई हात सोडवायला लागली. गोजराबाईनं ते आणखी क्षणभर धरून ठेवले, मग सोडले.

गोमती दोन पावलं पुढं आली. "आत्याबाई," ती म्हणाली, "मी खेयू का तुमच्यासंग?"

मनकर्णाबाईचे हात अर्धवट उचलले गेले आणि तिथंच थबकले. तिनं पोरीच्या हळदीकडं पाहिलं, चुड्याकडं पाहिलं, आणि मग परवानगी मागावी तसं गोजराबाईकडं पाहिलं. "खेयू जी?" तिनं विचारलं.

पलीकडून बबनरावाची हाक आली, बंड्या जुंपून झाल्या होत्या. गोजराबाईनं खोचलेला पदर सोडला, चेहऱ्यावरून फिरवला आणि डोक्यावर घेतला.

"मले काहून इचारता, विहीणबाई?" ती म्हणाली. "पोरगी आता तुमची हाय."